परमुलखातला मोर्चा

१. मावशींची काळजी

आमच्या गावचा रात्रीचा वर्ग मारुतीच्या देवळामागच्या खोलीत भरतो. जेवणखाण उरकून मंडळी येतात. बाया पुढे बसतात. पुरुष मागे भिंतीला टेकून बसतात. मी शाळेतून निवृत्त झालो, पण खडू काही हातातून सुटला नाही. म्हणून हा वर्ग मी चालवतो.

एका रात्री आमच्या मावशी उशिरा आल्या. चेहरा उतरलेला होता. वही पिशवीतून बाहेर काढली नाही. नुसत्या बसून राहिल्या.

मी विचारले, "मावशी, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय, गुरुजी! पण पोरीनं जिवाला घोर लावलाय."

मावशींची मुलगी नर्स आहे. तीन वर्षांपासून ती लंडनच्या एका दवाखान्यात नोकरी करते. त्या दिवशी तिचा फोन आला होता. दवाखान्यातल्या मैत्रिणींबरोबर ती बायकांच्या मोर्चाला गेली होती. तिने फोटोही पाठवला होता. अंगात जाड कोट, डोक्याला लोकरी टोपी, हातात एक फलक.

मावशींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "ह्या फलकावर काय लिहिलंय ते वाचा. विंग्रजी आहे."

मी वाचून सांगितले, "रात्री निर्भयपणे घरी जाणे हा आमचा हक्क आहे."

मावशी म्हणाल्या, "हक्क असंल. पण मुलूख परक्याचा. कर्ज काढून पोरीला शिकवलं, ते काय रस्त्यावर ओरडायला? पोलिसांनी धरलं तर? नोकरी गेली तर? लष्कराच्या भाकऱ्या भाजायला हिला कुणी सांगितलंय?"

मागून आबा म्हणाले, "मावशीचं बरोबर आहे, गुरुजी. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. घरधन्याच्या भांडणात पडू नये."

दोघांचे बोलणे विचार करण्यासारखे होते. मी लगेच उत्तर दिले नाही. मी म्हणालो, "आज पुस्तक राहू द्या. मी एक हकीकत सांगतो. शंभर वर्षांपूर्वीची आहे. त्याच लंडनमधली आहे. आणि त्यात आपल्याच देशाच्या बाया आहेत."

तीच हकीकत या धड्यात दिली आहे.

२. पट्टी भरा, मत मागू नका

ही गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली. इंग्लंडच्या गादीवर १९०१ सालापर्यंत व्हिक्टोरिया नावाची राणी होती. सगळ्यांना वाटेल, ज्या देशावर राणी राज्य करते, तिथे बायकांची चंगळ असेल. पण तसे नव्हते. तिथल्या बाईला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हते. पार्लमेंट म्हणजे त्यांची लोकसभा.

बाई गिरणीत काम करी. बाई शाळेत शिकवी. बाई कर भरी. सरकारी पट्टी भरताना बाई चाले. मत देताना मात्र ती चालत नसे.

बायकांनी अर्ज केले. पहिला मोठा अर्ज १८६६ साली झाला. पुढे चाळीस वर्षे अर्जच चालू होते. अर्ज कपाटात जात आणि तिथेच राहत. मग १९०३ साली मँचेस्टर शहरात एमेलिन पँकहर्स्ट नावाच्या बाईंनी एक नवी संघटना काढली. त्यांचे म्हणणे असे, की अर्ज पुष्कळ झाले, आता रस्त्यावर उतरू. सभा झाल्या, मोर्चे निघाले. काहींनी पुढे सरकारी कचेऱ्यांच्या काचाही फोडल्या. हजारावर बाया तुरुंगात गेल्या.

त्या लढ्यात आपल्या देशाच्याही काही बाया होत्या.

३. राजाची नात

पंजाबात महाराजा रणजितसिंग मोठे राजे होऊन गेले. त्यांचा मुलगा दुलीपसिंग. तो लहान असतानाच इंग्रजांनी पंजाबचे राज्य घेतले. ते साल १८४९. तेव्हा दुलीपसिंग दहा वर्षांचा होता. राज्य गेले, कोहिनूर हिराही गेला. पुढे त्याला विलायतेला नेले. तिथेच तो राहिला. त्याची मुलगी सोफिया. तिचा जन्म १८७६ साली इंग्लंडमध्येच झाला.

सोफियाला राणीने राहायला घर दिले. खायला-प्यायला तोटा नव्हता. कुत्री पाळावीत, सायकल चालवावी, नवे कपडे घालून मिरवावे, असे तिचे दिवस चालले होते. मग ती आपल्या बापाचा मुलूख पाहायला हिंदुस्थानात आली. इथली गरिबी तिने पाहिली. इथल्या पुढाऱ्यांची तिला ओळख झाली. आपले गोपाळ कृष्ण गोखले आणि पंजाबचे लाला लजपतराय हे त्यांतले दोघे. परत गेली ती निराळी होऊनच गेली. पुढे लंडनच्या बायकांच्या लढ्यात ती सामील झाली.

तिला गप्प बसता आले असते. राणीने दिलेल्या घरात ती राहत होती. म्हणजे आबा म्हणतात तसे, ती घरधन्याचीच पाहुणी. तरी ती गप्प बसली नाही.

४. नंबर वाचणारी बाई

१९१० साली पार्लमेंटपुढे एक कायदा आला होता. त्याने काही बायकांना मत मिळाले असते. सरकारने तो बाजूला सारला. त्याचा जाब विचारायला १८ नोव्हेंबर १९१० रोजी सुमारे तीनशे बाया पार्लमेंटवर गेल्या. तो शुक्रवार होता.

सगळ्यांत पुढच्या टोळीत एमेलिन पँकहर्स्ट होत्या. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचे वय तेव्हा ७४ वर्षांचे. आणि त्यांच्याबरोबर होती सोफिया दुलीपसिंग.

पोलिसांनी वाट अडवली. पुढे जे झाले ते फार वाईट झाले. सहा तास धक्काबुक्की चालली. बायांना ढकलले, आपटले, गुद्दे मारले. अंगाला नको तिथे हात लावले. शंभरावर बाया पकडल्या आणि दुसऱ्या दिवशी खटला न भरता सोडून दिल्या. त्या दिवसाला विलायतेत 'काळा शुक्रवार' म्हणतात.

त्या गर्दीत सोफियाने पाहिले, की एक पोलीस एका बाईला उचलून जमिनीवर आपटतो आहे. पुन्हा उचलतो आहे, पुन्हा आपटतो आहे. सोफिया मध्ये पडली. पोलिसाने तिला ओळखले आणि तो गर्दीत पळाला. सोफिया त्याच्या मागे गेली. तिने त्याचा नंबर वाचला, ध्यानात ठेवला आणि सरकारकडे लेखी तक्रार केली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा केली. शेवटी तिच्या पत्रांना उत्तर देऊ नये, असे गृहमंत्र्यांनी ठरवले. तेव्हाचे गृहमंत्री म्हणजे विन्स्टन चर्चिल. पुढे ते इंग्लंडचे पंतप्रधान झाले.

इथे थोडे थांबा. त्या बाईने दगड उचलला नाही, काठी उचलली नाही. तिने नंबर वाचला. तुम्ही-आम्ही या वर्गात रोज जे शिकतो, तेच तिने केले. वाचता येणाऱ्या माणसापुढे अन्याय करणाऱ्याला पळावे लागते. उत्तर आले नाही, ही गोष्ट खरी. पण ती तक्रार सरकारी दप्तरात राहिली. म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे.

५. हत्तीचे निशाण

आता मोठ्या मोर्चाची गोष्ट.

२२ जून १९११ रोजी लंडनमध्ये नव्या राजाला राज्याभिषेक व्हायचा होता. जगभरातून पाहुणे आले होते. बायकांच्या संघटनांनी ठरवले, की राजाची मिरवणूक निघण्याआधी आपली निघाली पाहिजे. दिवस ठरला १७ जून, शनिवार.

सुमारे ४०,००० बाया त्या दिवशी चालल्या. आपली पंढरीची वारी डोळ्यांपुढे आणा. दिंडीमागून दिंडी यावी, प्रत्येक दिंडीची पताका वेगळी असावी, तशी ती मिरवणूक. नदीकाठच्या रस्त्यावरून निघाली ती अल्बर्ट हॉल नावाच्या मोठ्या सभागृहापर्यंत गेली. नर्सा नर्सांबरोबर, शिक्षिका शिक्षिकांबरोबर. मतासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या बायांचीही एक दिंडी होती. त्यांनी पांढरे कपडे घातले होते. लाज वाटायच्या जागी त्या ताठ मानेने चालल्या.

एका भागात बाहेरच्या देशांच्या बाया होत्या. न्यूझीलंडच्या होत्या, त्यांना १८९३ सालीच मत मिळाले होते. ऑस्ट्रेलियाच्या होत्या, त्यांना १९०२ साली मिळाले होते. म्हणजे त्यांचे स्वतःचे काम घरी झालेले होते. तरी त्या दुसऱ्यांसाठी चालल्या.

आणि त्याच भागात हिंदुस्थानच्या बाया होत्या. संख्येने थोड्या, पण होत्या. अंगावर साड्या आणि पुढे हत्तीचे चित्र असलेले निशाण. आपला आजचा झेंडा तेव्हा नव्हता, म्हणून हत्ती. त्यांचा फोटो लंडनच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. त्यांतल्या काहींची नावे सांगतो. श्रीमती ललिता रॉय, श्रीमती भगवती भोलानाथ आणि श्रीमती मुखर्जी.

ललिता रॉय या कलकत्त्याच्या. मुलांच्या शिक्षणासाठी त्या लंडनला जाऊन राहिल्या. पदरी सहा मुले. परमुलखात घर चालवायचे म्हणजे काय, ते आपल्या मावशींच्या मुलीला विचारा. पण ललिताबाईंनी घराबाहेरचेही पाहिले. लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांना त्या मदत करीत. आणि त्या दिवशी त्या मोर्चात चालल्या. त्यांचा एक मुलगा, इंद्रलाल, पुढे पहिल्या महायुद्धात विमानातून लढला. जुलै १९१८ मध्ये तो लढताना मारला गेला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आईला मतासाठी रस्त्यावर चालावे लागते, आणि मुलगा त्याच सरकारसाठी प्राण देतो! हिशेब कसा उलटा होता, पाहा.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. मोर्चा भरवणाऱ्या इंग्रज बायांनी आपल्या बायांना बोलावले, ते 'सगळे साम्राज्य आमच्या बाजूचे आहे' हे दाखवण्यासाठी. हिंदुस्थानला स्वराज्य मिळावे, असे त्यांच्या निशाणावर लिहिलेले नव्हते. आपल्या बाया तिथे चालल्या, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या देशात पुरुषांनाही खरा अधिकार नव्हता. पण एकीला मत देणे योग्य ठरले, की दुसरीला नाकारणे जड जाते. चूल एका घरी पेटली, की शेजारीण विस्तव न्यायला येतेच.

६. अंगठीचा लिलाव

सोफियाने आणखी एक मार्ग धरला. 'मत नाही तर कर नाही' असे म्हणणाऱ्या बायकांच्या संघात ती होती. तिकडे कुत्रा पाळायला, गाडी ठेवायला परवाना लागे. त्याचे पैसे सरकारात भरावे लागत. सोफियाने ते भरले नाहीत. कोर्टाने दंड केला. तोही तिने भरला नाही.

मग सरकारी माणसे आली. १९११ सालच्या जुलै महिन्यात त्यांनी तिची हिऱ्याची अंगठी जप्त केली. येणे होते फक्त सहा शिलिंग. अंगठीचा लिलाव झाला. लिलावाला तिच्या बाजूच्या बाया मुद्दाम जमल्या होत्या. त्यांतल्या एकीने अंगठी विकत घेतली आणि तिथल्या तिथे सोफियाला परत दिली.

१९१३ साली पुन्हा तसेच झाले. या वेळी मोत्यांचा हार गेला. त्यात १३१ मोती होते. एक सोन्याची बांगडीही गेली. त्याही लिलावात मैत्रिणींनीच वस्तू घेतल्या.

जप्ती म्हणजे काय, ते आपल्या गावाला सांगायला नको. पण जप्तीच्या दिवशी शेजारणी दार लावून घेत नाहीत, उलट पैसे घेऊन पुढे येतात, हे क्वचित पाहायला मिळते. त्या बायकांची खरी ताकद मोर्चाच्या लांबीत नव्हती, या पाठीराखेपणात होती.

१९१८ साली इंग्लंडमध्ये ३० वर्षांवरच्या आणि थोडीफार मालमत्ता असलेल्या बायकांना मत मिळाले. पुरुषांना मात्र २१ व्या वर्षी. हा फरक मिटायला १९२८ साल उजाडले. म्हणजे १८६६ च्या अर्जापासून ६२ वर्षे लागली. सोफिया १९४८ साली वारली. तोवर दोन्ही देशांतल्या गोष्टी तिने पाहिल्या. हिंदुस्थान स्वतंत्र झालेलाही तिने पाहिला.

७. मुंबईच्या मायलेकी

आता ही ठिणगी आपल्याकडे कशी आली ते ऐका.

मुंबईला हेराबाई टाटा नावाच्या एक पारशी बाई होत्या. १९११ साली त्या काश्मीरला गेल्या होत्या. बरोबर मुलगी मिठन. ती तेरा वर्षांची. तिथे त्यांना सोफिया दुलीपसिंग भेटली. तिच्या कपड्यावर एक लहानसा बिल्ला होता. त्यावर 'स्त्रियांना मत हवे' अशा अर्थाची अक्षरे होती. हेराबाईंनी बिल्ल्याबद्दल विचारले. सोफियाने सगळे सांगितले. एवढ्यावरून हेराबाई त्या कामाला लागल्या.

१९१९ साली हिंदुस्थानच्या लोकांना काय अधिकार द्यावेत, याचा विचार लंडनमध्ये चालला होता. आपल्या बायकांना मत देण्याची वेळ अजून आलेली नाही, असे सरकारच्या एका समितीने म्हटले होते. तेव्हा मुंबईच्या बायकांनी हेराबाई आणि मिठन यांना लंडनला पाठवले. मायलेकी बोटीने गेल्या. पार्लमेंटच्या लोकांना भेटल्या. इंग्लंडच्या गावोगावी सभा केल्या. तिथल्या बायकांना त्यांनी सांगितले, 'तुम्हांला मिळाले, तसे आमच्या बहिणींनाही मिळाले पाहिजे. तुम्ही आम्हांला साथ द्या.' आणि तिथल्या पुष्कळ बायकांच्या संघटनांनी साथ दिली.

आठ वर्षांपूर्वी आपल्या बाया इंग्रज बायकांच्या मोर्चात चालल्या होत्या. आता इंग्रज बाया आपल्या मागणीच्या मागे उभ्या राहिल्या. मावशी ज्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात, त्या कधी कधी अशा आपल्याच पंक्तीला परत येतात.

पार्लमेंटने निकाल दिला, की हिंदुस्थानातल्या प्रत्येक प्रांताने आपापले ठरवावे. १९२१ साली मद्रास आणि मुंबई या दोन प्रांतांनी बायकांना मत दिले. पण ज्यांच्याकडे मालमत्ता होती, अशा थोड्याच बायकांना ते मिळाले. मिठनबाई विलायतेत बॅरिस्टर झाल्या. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करणाऱ्या त्या पहिल्या बाई. पुण्या-मुंबईकडे या कामात रमाबाई रानडे यांचाही मोठा वाटा होता. मुलींनाही सक्तीचे शिक्षण द्या, या मागणीसाठी १९२० च्या सुमारास पुण्यात बायकांचा मोर्चा निघाला. त्याच्या पुढेही रमाबाईच होत्या.

८. नाव नसलेल्या बाया

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली. बाई असो वा बुवा, शेत असो वा नसो, शिकलेला असो वा अडाणी, २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला मत मिळाले. पुढे १९८९ साली ते वय १८ झाले.

पण पहिल्या निवडणुकीच्या वेळी एक अडचण आली. ती निवडणूक १९५१-५२ साली झाली. याद्या करणारे लोक घरोघर जात. बाईला नाव विचारत. कित्येक बाया स्वतःचे नाव सांगत ना. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगत. नाव नसलेले माणूस यादीत कसे घालणार? अशा सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून काढावी लागली. मत हातात आले होते, पण नावावाचून गेले.

हे वाचले, तेव्हा मला माझी आजी आठवली. तिला घरात 'थोरली' म्हणत. गावात 'नानाची आई' म्हणत. तिचे नाव काय, हे आम्हां नातवंडांना कधी कळलेच नाही. ती गेली. दहाव्याच्या दिवशी भटजींनी नाव विचारले. घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी माहेरचा एक म्हातारा भाऊ होता, त्याने नाव सांगितले. आजीचे नाव मी त्या दिवशी प्रथम ऐकले. एवढी वर्षे जिच्या हातची भाकरी खाल्ली, तिचे नाव मला ठाऊक नव्हते. ती लाज अजून मनातून जात नाही.

मोर्चात चालणारी बाई दुसरे काय करते? ती आपले नाव सांगते. 'मी आहे, मला मोजा', एवढेच ती म्हणत असते.

९. पाहुणी की घरची?

हकीकत संपली. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग आमच्या वर्गातल्या एक वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, एक सांगू? बाईला परका मुलूख काय नि आपला काय! माहेरचे म्हणतात, ही परक्याचं धन. सासरचे म्हणतात, ही परक्याची लेक. पाहुणीनं बोलायचं नाही असं ठरलं, तर बाईनं बोलायचं तरी कुठं?"

आबा खाली पाहू लागले. मग म्हणाले, "हे खरं आहे. पण कायदा पाळावा, एवढंच माझं म्हणणं."

आबांचे हे म्हणणे मात्र सोडून देण्यासारखे नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो. आखातातल्या कित्येक देशांत परदेशी माणसाला मोर्चात भाग घेता येत नाही. तिथे घेतला, तर तुरुंग होतो किंवा देशाबाहेर काढतात. आपली पुष्कळ मुले तिकडे कामाला आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे. लंडनचे तसे नाही. तिथे मोर्चा काढणाऱ्यांना सहसा सहा दिवस आधी पोलिसांना लेखी कळवावे लागते. मग शांततेने कुणीही चालावे. बाहेरदेशच्या माणसालाही तो हक्क आहे.

मी आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकून मावशींना नवल वाटले. आपल्या देशाचा नागरिक विलायतेत कायदेशीर राहत असेल, तर त्याला तिथल्या निवडणुकीत मत देता येते. कारण दोन्ही देश राष्ट्रकुलात आहेत. म्हणजे ज्या शहरात ललिताबाई मत मागत चालल्या, तिथे मावशींची मुलगी आज यादीत नाव घालून मत देऊ शकते.

मावशी म्हणाल्या, "मग ती अगदीच पाहुणी नव्हं म्हणायची!"

"नव्हे," मी म्हणालो. "ती तिथल्या रोग्यांची सेवा करते, तिथे कर भरते. रात्रपाळी संपवून त्याच रस्त्यानं घरी जाते. तो रस्ता सुरक्षित असावा, हे मागायला ती गेली. या भाकऱ्या लष्कराच्या कशा, मावशी? तिच्याच आहेत."

मावशींनी पिशवीतून वही काढली. मग वही बाजूला ठेवली आणि मोबाईल घेतला. एक एक अक्षर शोधत, बोटाने दाबत त्यांनी मुलीला मराठीत निरोप लिहिला. मी नुसते दोन ठिकाणी वेलांटी सांगितली. निरोप असा होता :

'मोर्चाला गेलीस. बरं केलंस. एकटी जाऊ नको, मैत्रिणी बरोबर ठेव. कोट घालत जा.'

खाली 'आई' असे लिहिले. थोडा विचार केला. मग त्याच्यापुढे स्वतःचे नाव लिहिले आणि निरोप पाठवला.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या ग्रामपंचायतीत आज निम्म्या जागा बायकांना राखून ठेवलेल्या आहेत. आधी १९९३ साली एक-तृतीयांश मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ सालापासून निम्म्या झाल्या. पण खुर्चीवर नाव बाईचे आणि कारभार दुसऱ्याचा, असे कुठे कुठे दिसते. तसे असेल, तर लंडनला चाललेल्या त्या बायांचे चालणे आपल्या गावाच्या वेशीपर्यंत अजून पोचायचे आहे. उरलेली वाट आपल्याला चालायची आहे.

शब्दांचे अर्थ

परमुलूख – परका देश
मोर्चा – मागणीसाठी पुष्कळ लोकांनी मिळून रस्त्याने चालत जाणे
पार्लमेंट – कायदे करणारी सभा, आपल्याकडे संसद
जप्ती – येणे वसूल करण्यासाठी सरकारने वस्तू ताब्यात घेणे
राष्ट्रकुल – पूर्वी इंग्रजांच्या राज्यात असलेल्या बहुतेक देशांचा संघ
राज्यघटना – देशाचा कारभार ज्या नियमांनी चालतो तो मूळ कायदा

उत्तरे सांगा

१. इंग्लंडमधल्या बायकांनी पहिला मोठा अर्ज कोणत्या साली केला? सर्व बायकांना पुरुषांइतकेच मत कोणत्या साली मिळाले?
२. काळ्या शुक्रवारी सोफियाने पोलिसाविरुद्ध काय केले?
३. १७ जून १९११ च्या मोर्चात आपल्या बायांच्या निशाणावर कशाचे चित्र होते?
४. हेराबाईंनी सोफियाला कशाबद्दल विचारले? पुढे त्यांनी काय केले?
५. १९५१-५२ च्या निवडणुकीच्या वेळी २८ लाख बायकांची नावे यादीतून का गेली?

आपसात बोला

१. आबा म्हणाले, "पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं." तुम्हांला काय वाटते?
२. आपल्या गावात बायकांना रात्री एकटीने जायला भीती वाटेल, अशी जागा कोणती? तिथे काय करता येईल?

करून पाहा

१. आपल्या आईचे आणि दोन्ही आज्यांचे पूर्ण नाव वहीत लिहा. ठाऊक नसेल, तर आजच विचारून घ्या.
२. गावच्या बी.एल.ओ.कडे जाऊन मतदार यादी पाहा. आपले नाव आहे का? बरोबर लिहिले आहे का? नाव नसेल तर नमुना ६ भरा. चुकले असेल तर नमुना ८ भरा. माहिती १९५० या फोन क्रमांकावर मिळते.
३. फॉर्मवर अंगठा लावू नका. सही करा.